परत आलेल्या आंदणाचा रंग

लाल ऑइल पेंट दबत नाही. त्याच्यावर पांढरा मारा, क्रीम मारा, आकाशी मारा, पहिले काही दिवस कपाट अगदी शहाण्यासारखं उभं राहतं. मग पावसाळी हवा सुटली की आतून गुलाबी डाग वर यायला लागतात. आधी वाटतं, कुणीतरी तंबाखूच्या खर्ऱ्याचा हात लावला. मग त्या डागांना आकार येतो, आणि एके सकाळी दारात बसून चहा पिता पिता आपण कपाटावर वाचतो, ‘सप्रेम भेट’.

हे मला कुठल्या कारागिरानं शिकवलं नाही. माझ्याच कपाटानं शिकवलं. लोक विचारतात, बाई, तुम्ही या जुन्या कपाटांच्या कामात कशा पडल्या? मी सांगते, आवड होती. आवड कसली डोंबलाची. माझं कपाट परत आलं होतं आणि ते घरात घ्यायचं होतं, एवढंच.

आमच्याकडे मुलीच्या आंदणावर देणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत आहे. भांड्यांवर कोरतात, कपाटावर, शोकेसवर, ड्रेसिंग टेबलवर रंगानं लिहितात. मागे लपवून नाही, बाजूच्या फळीवर, चांगलं वाचता येईल असं. ‘सप्रेम भेट, काका-काकू’. ‘सप्रेम भेट, मामा-मामी’. नेहमी जोडीनं. मांडवात आंदण मांडलं की नवरदेवाकडच्या बायका फिरून फिरून ती नावं वाचतात. कोणी काय दिलं ते त्यांना त्यातून कळतं आणि कोणी काय दिलं नाही तेही कळतं.

माझं कपाट बाबांनी करवून घेतलं होतं. जंगल खात्याच्या लाकडाच्या डेपोतून रीतसर सागवान आणलं, गावच्या सुताराला अंगणात बसवलं आणि काम होईस्तोवर स्वतः त्याच्या डोक्यावर बसून राहिले. सुतार वैतागून म्हणाला होता, “भाऊ, कपाट मी करून राह्यलो का तुमी?” दोन दारं, खाली दोन खण, वरच्या पट्टीला साधी नक्षी. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहिणारा एक पेंटर होता, त्याच्याकडून बाबांनी बाजूला लाल रंगात लिहून घेतलं, ‘सप्रेम भेट, आई-बाबांकडून’. ‘प्रे’ची मात्रा वाकडी गेली. बाबांनी ती पुसायला लावली, पुन्हा काढायला लावली, ती पुन्हा वाकडीच गेली. शेवटी आई म्हणाली, राहू द्या, नाहीतर पोरीचं लग्न लागायचं आणि मात्रा राहायची.

नागभीडकडच्या एका गावात मला दिलं होतं. तिथली गोष्ट लांबवत नाही. नवऱ्याचं मन दुसरीकडे होतं आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं, मी सोडून. पंच बसले, बोलणी झाली, आणि धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मी आणि माझं आंदण परत निघालो. चिखलात वाकलेल्या बाया कंबर सरळ करून बघायच्या. कपाट असं ठेवलं होतं की लाल अक्षरं मागच्या बाजूला आली होती, मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतील अशी. मी जागा बदलली आणि त्या अक्षरांना पाठ लावून बसले. घर येईपर्यंत तशीच बसले होते.

कपाट उतरवल्यावर बाबांनी त्याच्यावरून हात फिरवला, एका बिजागरीचा स्क्रू ढिला झाला होता तो घट्ट केला आणि आत गेले. पुढे ते गेले, मग आई गेली. गावातलं घर बंद झालं आणि मी कपाटासकट भावाकडे ऊर्जानगरला आले.

भाऊ तिथे पॉवर स्टेशनात नोकरीला. कंपनीचं क्वार्टर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे छोटं अंगण. भावानं टेम्पोतून कपाट उतरवलं आणि दारातच वहिनी आडवी आली. माझ्या वहिनीला कोणी वाईट म्हणू नये. आल्या दिवसापासून तिनं माझं ताट आधी वाढलं. पण तिच्या कडेवर तेव्हा वर्षाची पोर होती. आमच्याकडच्या बायका मानतात की परत आलेलं आंदण आहे त्या रंगात घरात घेऊ नये, त्यातून घरात मुलगी असेल तर मुळीच घेऊ नये.

“बाई, राग नोका मानू,” ती म्हणाली. “रंग तेवढा बदलवून घ्या. मंग कुठी बी ठेवा.”

मी राग मानला. तरी भावानं आणलेला आकाशी रंगाचा डबा उघडला, आणि सागवानावर, बाबांच्या अक्षरांवर, सगळ्यावर फासला. रंग वाळायच्या आत पॉवर स्टेशनच्या चिमणीची राख आणि कोळशाची धूळ येऊन बसली आणि कपाट तिळाच्या लाडवासारखं दिसायला लागलं. वहिनी म्हणाली, छान झालं. ते घरात आलं, माझे कपडे त्यात गेले. पावसाळा लागल्यावर आकाशी रंगातून जांभळट गुलाबी अक्षरं वर आली, वाकड्या मात्रेसकट.

वहिनी घाबरली. मला मात्र त्या दिवशी हसू आलं, इतकं की भाऊ बाहेर येऊन बघायला लागला. मला वाटलं, बाबा आले.

त्यानंतर मी ते कितीदा रंगवलं याचा हिशेब नाही. त्यातूनच शिकले. गोलबाजारात रंगाच्या दुकानात विचारता विचारता कळलं की लाल रंग अडवायला लाख लागते. लाखेची चपडी, म्हणजे पापडासारखे पातळ तुकडे, स्पिरिटमध्ये भिजवायचे आणि तो पातळ रस ब्रशनं फिरवायचा. त्याचं एक काचेसारखं कातडं धरतं. त्याच्याखाली गेलेला लाल पुन्हा वर येत नाही. ही लाख गडचिरोलीकडच्या जंगलातून येते, पळसाच्या फांद्यांवरून लोक खरवडून आणतात. लाख मारून वर क्रीम रंग दिला आणि बाबांची अक्षरं गेली ती गेलीच. काम साधल्याचा आनंद व्हायला पाहिजे होता. नाही झाला.

शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंनी ते क्रीम कपाट पाहिलं आणि आपली शोकेस रंगवून मागितली. असं ते सुरू झालं. ऊर्जानगरात माणूस रिटायर झाला की क्वार्टर सोडावं लागतं. लोक जड सामान गावाकडे नेत नाहीत, मिळेल त्याला देऊन जातात. अशी कपाटं, जाळीची कपाटं, शोकेसा माझ्या अंगणात यायला लागल्या. मी जुन्या साड्या ओल्या करून चारी बाजूंनी टांगायची, जमिनीवर पाणी शिंपडायची, धूर कुठल्या बाजूला वाहतोय ते बघायची आणि मगच डबा उघडायची. राख ओल्या साडीला चिकटते, रंगाला कमी लागते. पण लागतेच. पार स्वच्छ कपाट या गावात कोणी रंगवून दाखवावं, मी त्याची शिष्या होईन.

गिऱ्हाइकांबद्दल काय बोलावं! सगळ्यांना ऑफ व्हाइट पाहिजे. ज्या जिल्ह्याचं सागवान बघायला लोक कुठून कुठून येतात, त्या जिल्ह्यात मी अस्सल सागवानावर पांढरा रंग मारते, कारण घरातल्या कुणीतरी फोनवर पांढरं किचन पाहिलेलं असतं. मी आधी भांडायची. आता भांडत नाही. पांढरा म्हटलं की पांढरा.

जुनी कपाटं दोन जातीची असतात. क्वार्टरवाल्यांच्या कपाटांना माणसांचा वास असतो, खणात हळद सांडलेली असते, दारांच्या कडा हाताळून काळ्या पडलेल्या असतात. दुसरी कपाटं भंगारवाल्यांकडून येतात. ती नवीकोरी असतात. आत घातलेला पेपर पिवळा पडलेला नसतो, हँगरवरचं प्लॅस्टिक निघालेलं नसतं आणि बाजूला लाल अक्षरं असतात. ती बघितली की मी काही विचारत नाही. कुठलं गाव, कुठली मुलगी, किती दिवस राहिली, मला माहीत करून घ्यायचं नाही. लाख मारते, रंग मारते, आणि ती कपाटं पुन्हा कुणाच्या तरी आंदणात जातात, नव्या नावानं. परत आलेलं आंदण म्हटलं की कोणी हात लावत नाही, आणि माझ्या अंगणातून रंगून निघालं की तेच लोक नारळ फोडून घेऊन जातात. मला याची चीड येते. पण पोट त्याच्यावरच आहे, तेव्हा ती चीड मी अंगणातच ठेवते.

कडेवरची पोर मोठी झाली. ती माझ्याच अंगणात वाढली. मी खरवडायची, ती लाकडाच्या भुशात रेघा ओढायची. ब्रश धरायला मी शिकवलं, अक्षर काढायला मी शिकवलं, वेणी मी घातली. शाळेत कोणी विचारलं, घरी कोण कोण आहे, तर आई-बाबांच्या आधी आत्या सांगायची. वहिनीला त्याचं वाईट वाटायचं आणि मला त्याचं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिचं लग्न गडचांदूरला ठरलं. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात, घरचं माणूसबळ मोठं, सासू कडक पण हसरी. आंदणाची बोलणी सुरू झाली तेव्हा पोरीनं सगळ्यांसमोर सांगितलं, “मले नवं कपाट नाई पायजे. मले आत्याचं कपाट पायजे.”

वहिनीचा चेहरा उतरला. भाऊ भिंतीकडे बघत बसला. मी उठून आत गेले, कारण मला काय वाटतंय ते त्यांनी बघू नये असं वाटलं. वीस-बावीस वर्षं ते कपाट एका खोलीच्या कोपऱ्यात माझे कपडे सांभाळत उभं होतं. बाबांनी ते मुलीच्या संसारात जायला केलं होतं. ते कुणाच्यातरी संसारात जाईल, तेही या पोरीच्या, हे मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. त्या दिवशी आणलं आणि मग ते निघेना.

वहिनी संध्याकाळी अंगणात आली. “बाई, तुमी समजून घ्या. कपाटात काई नाई, पन लोकं...”

“लोकाइले काय माहीत?” मी म्हटलं. “असं करून देतो का कपाटाले स्वतःले ओळखू नाई येनार.”

वहिनी म्हणाली, “बरं. पोरीची इच्छा हाय.”

मी ते काम जसं केलं तसं आजवर दुसरं केलं नाही. पोरीला वरून रंग नको होता, लाकूड दिसायला हवं होतं. एकेक थर उतरवत गेले. वरचा क्रीम, त्याच्याखालचा हिरवा, त्याच्याखाली पुन्हा क्रीम. मग लाखेचं कातडं, त्याच्याखाली शिकतानाचे कसले कसले थर, आणि सगळ्यात खाली आकाशी. बाजूच्या फळीवर आकाशीखाली बाबांची अक्षरं लागली. थोडा वेळ खरवडायचा पत्रा हातात धरून बसले. मग तीही खरवडली, कारण पोरीच्या आंदणावर माझं आंदण दिसायला नको होतं. वाकडी मात्रा खोल गेली होती, ती शेवटी निघाली. पॉलिश पेपरनं घासून घासून हात सालटले. आणि मग सागवान दिसलं. मधासारखं, रेघांचं, बाबांनी डेपोत फळीफळीला हात लावून निवडलेलं. लाखेचं पॉलिश दिलं तेव्हा भाऊ कामावरून आला होता. बाईक उभी करून तो कपाटाजवळ आला, आणि हेल्मेट न काढता म्हणाला, “बाबाले दाखवा लागत होतं.” आमच्या भावाला एवढं बोलायला फार झालं.

मी नाव टाकणार नव्हते. ठरवलंच होतं. नुसतं कपाट जाईल, कोणी विचारलं तर भावानं केलं म्हणतील. पण पोर लाल रंगाची डबी घेऊन आली.

“आत्या, लिव.”

“काई गरज नाई.”

“काऊन नाई? मामा-मामीनं मिक्सर देल्ला त त्याच्यावर नाव. तू कपाट देऊन राह्यली, तुयं काऊन नाई? तू लिव, नाई त मी लिवतो.”

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “नोका टाकू नाव. कपाट जाऊन राह्यलं ना, पुरे नाई का?” पण पोरगी ऐकेना. माझ्या गळ्यात हात टाकून उभी राहिली. माझं नाव आजवर कुठल्या वस्तूवर देणारी म्हणून कोणी लिहिलं नव्हतं. जोडीनं देतात, आणि मला जोडी नाही, त्यामुळे माझा आहेर नेहमी भाऊ-वहिनीच्या नावात मिसळून जायचा. मी ब्रश घेतला. ‘सप्रेम भेट, आत्याकडून’. मात्रा सरळ गेली.

लग्न कॉलनीच्या सभागृहात होतं. हळदीला मी गेले नाही. कोणी नको म्हटलं नव्हतं, कोणी बोलावलंही नव्हतं, आणि हे आम्हा दोघींना, मला आणि वहिनीला, न बोलता ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी आंदण एका बाजूला मांडलं होतं. मी भांड्यांच्या मागे खांबाला टेकून उभी होते. खरं तर मी नवरीकडे बघत नव्हते, कपाटाकडे बघत होते.

नवरदेवाकडच्या बायका आल्या. आधी सोफा दाबून पाहिला, मिक्सरवरचं नाव वाचलं, मग त्या कपाटापाशी थांबल्या. एकीनं दारावरून हात फिरवला आणि दुसरीला हाक मारली, “अवो बाई, सागवान हाय. असली.” दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आवाज झाला नाही. “आजकाल कोन देते असं?” सासूही आली, तिनंही हात फिरवला, चेहरा खुलला. मला इतकं बरं वाटलं की पदर तोंडाला लावला. बाबांना वाटलं असतं तसं वाटलं.

मग सासूची मोठी जाऊ कपाटाच्या बाजूच्या फळीकडे गेली आणि तिनं मोठ्यानं वाचलं, “सप्रेम भेट, आत्याकडून.” थांबली. पुन्हा वाचलं. “नुसतं आत्या? जोडीनं काऊन नाई?”

तिनं आमच्याकडच्या बायकांकडे वळून पाहिलं.

“आत्याचा नवरा वारला का?”

आमच्याकडची एक नातेवाईक बाई, तिचं काही वाईट करायचं मनात नव्हतं, पटकन म्हणाली, “नाई नाई, वारला नाई. त्या माहेरीच असते.”

बस. एवढंच बोलणं झालं. त्या बाईनं कपाटावरचा हात काढून घेतला आणि पदराला पुसला. सासूनं एकदा कपाट वरपासून खालपर्यंत पाहिलं. पॉलिश नवं होतं पण घडण जुनी होती, आणि जुनी घडण ओळखायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या सगळ्या पुढच्या वस्तूकडे गेल्या. मी खांबामागेच उभी राहिले. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक जेवायला बसले. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. बाबांची अक्षरं मी घालवली होती, बावीस वर्षांचे रंग घालवले होते, कपाटाला स्वतःला ओळखू येणार नाही असं करून दिलं होतं. आणि मग त्याच फळीवर स्वतःच्या हातानं सरळ मात्रा काढून लिहिलं होतं की ते कुणाचं आहे.

पाठवणीच्या वेळी टेम्पो भरला. सोफा गेला, ड्रेसिंग टेबल गेला, भांडी गेली, मिक्सर गेला. कपाट राहिलं. नवरदेवाचा काका भावाला म्हणाला, “गाडीत जागा नाई, भाऊ. मंग नेऊ कधी.” टेम्पोत दोन माणसं पाय पसरून बसतील एवढी जागा मी माझ्या डोळ्यांनी बघत होते. पोर गाडीत बसताना रडत होती. ती माझ्याकडे आली, गळ्यात पडली, आणि तिच्या खांद्यावरून मला सभागृहात एकटं उभं असलेलं कपाट दिसत होतं.

भावानं दुसऱ्या दिवशी ते हातगाडीवर घालून घरी आणलं. अंगणात उतरवलं, आणि आत न्यायचं की नाही हे न विचारता तो आंघोळीला गेला. वहिनी दारात आली. मला वाटलं आता म्हणेल, मी सांगितलं होतं. ती म्हणाली, “चहा ठेवला हाय.” तिनं बोलून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी त्याच्यावर जुनी साडी टाकली.

पोर पहिल्यांदा माहेरपणाला आली ती बारीक झालेली. पहिल्या दिवशी सगळं छान आहे म्हणाली. गडचांदूरला घरात सिमेंटची पांढरी धूळ येते, रोज ओल्या फडक्यानं सगळं पुसा लागते, आपली इथली काळी, तिथली पांढरी, असं सांगून हसली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात एका शोकेसच्या भेगांत लांबीचा पांढरा लगदा भरत होते, तेव्हा ती येऊन पायरीवर बसली. साडी टाकलेल्या कपाटाकडे बघत होती.

“आत्या, माहे कपडे अजून बॅगीतच हायेत.”

मी काम थांबवलं नाही.

“सासूबाई आल्यागेल्याले सांगते, सुनेसोबत कपाट नाई आलं. मी कपडे काढाले बसली का आयकू येते.” मग ती खूप भरभर बोलली, पाठ केल्यासारखं. “आई म्हनते का याले पांढरा रंग देला आन दुसरं नाव टाकलं त घेऊन जाईन. ते पहिलं कोनाले तरी देऊन टाकलं म्हनू. हे मामा-मामीनं देल्लं म्हनू. त्याइले चालते.” आणि मग पाठ केलेलं संपलं. “आत्या, तू लिवशील का? तुयासारखं अक्षर कोनाचं नाई.”

ज्या तोंडानं तिनं मला लिव म्हटलं होतं त्याच तोंडानं ती हे म्हणत होती, आणि मला तिचा राग येत नव्हता. यावा म्हणून मी वाट पाहिली. ती रडायला लागली तेव्हा मी लांबीचे हात तसेच ठेवून तिला जवळ घेतलं. तिच्या चांगल्या ड्रेसला पांढरे डाग पडले. तिला त्या घरात राहायचं होतं. मी एका घरात राहू शकले नाही, तिला तरी राहता यावं, याच्यापुढे माझं नाव म्हणजे काय? असं मी स्वतःला सांगितलं. पटलं नाही. पण केलं.

साडी काढली. सागवानावर पॉलिश पेपर फिरवला तेव्हा चकाकी गेली आणि लाकूड आजारी माणसासारखं फिकं दिसायला लागलं. बाजूच्या फळीवर माझी अक्षरं होती. ती पूर्ण खरवडली तर खड्डा पडला असता, म्हणून नुसती घासून पातळ केली. लाखेची बाटली हातात घेतली आणि मनात आलं, नाही लावली तर? वरून नुसता पांढरा मारला तर येत्या पावसाळ्यात गडचांदूरच्या त्या घरात, सगळ्या आल्यागेल्यासमोर, मामा-मामीच्या मागून आत्या वर येईल. मला ते दृश्य फार आवडलं. बराच वेळ मी ते बघत बसले. मग ध्यानात आलं की तेव्हा उत्तर द्यायला मी तिथे नसेन, ती पोर असेल. लाखेचे दोन हात दिले. एक वाळू दिला, मग दुसरा. एवढं जाड कातडं मी कुठल्या अनोळखी मुलीच्या कपाटालाही दिलं नव्हतं.

वर प्रायमर, वर ऑफ व्हाइट. ओल्या साड्या टांगून बसले, राख वेचून काढली. अगदी दुकानातल्यासारखं झालं. बाबांचं सागवान आता कोणाला कळणार नव्हतं. शेवटी लाल डबी उघडली आणि लिहिलं, ‘सप्रेम भेट, मामा-मामीकडून’. वहिनी मागे येऊन उभी होती. तिच्या भावाचं आणि भावजयीचं नाव, तिला आनंद व्हायला पाहिजे होता. ती म्हणाली, “बाई, तुमी माह्यासाठी नाई करून राह्यले, मले माहीत हाय.” आणि डोळे पुसत आत गेली.

गडचांदूरहून टेम्पो आला. या वेळी जागा होती. तोच काका आला होता, त्यानं कपाटाला हात लावून म्हटलं, “वा, मस्त हाय.” भावानं कपाट पोत्यांनी बांधलं. लाल अक्षरांच्या बाजूला पोतं घासू नये म्हणून मी मध्ये जुनी चादर घातली.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. मागे बायकांचा आवाज होता, कोणीतरी दारं उघडून बघत होतं.

“आत्या, पोचलं कपाट. सगळ्याइले लय आवडलं. कपडे लावून राह्यली आता.” मग आवाज खाली केला. “सासूबाई म्हनते, मामीचा हात मोकळा हाय.”

“हाय का?” मी म्हटलं. “बरं झालं.”

मग मला आठवलं, त्या घरात रोज पुसतात.

“आयक,” मी म्हटलं, “चार दिवस ओल्या फडक्यानं पुसू नोको. अक्षरं अजून कच्ची हायेत.”